ठेवू की टाकू

— नाही रे, तुला ओरडायला नाही आले बाहेर, मलापण काढलंय. नंदू म्हणाला, आंटी, तुम्ही जरा बाहेर बसा, बाकीचा डाव अंकलना एकट्याने खेळू दे — आणि त्याचंही बरोबर आहे, तोच ही स्पर्धा घेतो, त्याला सगळ्यांचं बघावं लागतं, बिचारा खाली मान घालून बोलला. सरक थोडा. ते हेल्मेट ठेव खाली, एवढ्यात कुठे निघालास, चेहरा बघ कसा लाल झालाय, अशा डोक्याने बाइक चालवू नये. सौरभ ना तू? दिंडोशीवरून येतोस, नंदू सांगत होता — फोनवरचा पैशांचा पोकर बंद झाला म्हणून इकडे आमच्या गावठाणात शोधत आलास. बस. चहा येईल.

तू बोललास ते खरं आहे. एकाच्या पत्त्यांवर दोघांनी खेळायचं नाही, नियम म्हणजे नियम. मी माझ्या नवऱ्याच्या बाजूला बसते, त्याचे पत्ते बघते, त्याच्या कोपराला बोट लावते — एकदा लावलं की टाक, दोनदा लावलं की ठेव. खुणाच झाल्या ना त्या? झाल्याच. पण एक सांगू, आज मी एकदाच लावलं होतं. टाक म्हणून! नव्वी-तिर्री होती रे, तीपण एक किलवरची, एक बदामाची, काही म्हणजे काही नाही त्यात. त्याने माझं ऐकलं असतं तर तू आत्ता आत असतास, तुझे ते दोन राजे घेऊन. पण नाही ऐकलं. राहू दे, पॅट, म्हणाला — तू ऐकलंस ते, म्हणून तर उठलास ना खुर्ची सारून — राहू दे, पॅट, आणि लोटल्या सगळ्या चिप्स पुढे, आणि टेबलावर आणखी दोन तिर्र्या पडल्या, झाल्या त्याच्या तीन. हस, हस. मी तुझ्या जागी असते तर मीपण बोंब मारली असती. दोन राजे घेऊन माणूस घरी जातो, तेही नव्वी-तिर्रीपुढे!

आणि पूर्वी हाच ह्युबर्ट — तुला खरं नाही वाटणार — हाच ह्युबर्ट अख्खी दुपार पत्ते टाकत बसायचा. बोटीवर होता तो, स्टुअर्ड म्हणून, तिथे त्या फिलिपिनो पोरांकडून शिकला, आणि बोटीवरची नोकरी सुटल्यावर इथे हॉलमध्ये त्याने हे रविवारचं सुरू केलं. चर्चमधली मिस्सा झाली, जेवण झालं की चार टेबलं लावायची. नंदूला पत्ते कसे धरायचे तेसुद्धा ह्युबर्टने शिकवलंय. काय शिकवायचा? एकच — पहिले दोन पत्ते आले की तिथेच ठरतं, ठेवायचं की टाकायचं, पुढची अक्कल पुढे. म्हणायचा, छोट्या स्पर्धेत लोक सुरुवातीलाच वेडे होतात, एंट्री थोडी, पोट भरलेलं, जो तो म्हणतो बघू तर काय होतंय — त्यांना होऊ दे वेडं, तू थांब. मोठी जोडी आली तर ठेव. एक्का आला आणि सोबत छक्की-सत्ती असली तर टाक, कारण एक्का दुसऱ्याकडेही असतो आणि त्याच्या सोबतीला कोणीतरी बरं असतं. दोन्ही बदाम आहेत म्हणून हुरळून जायचं नाही. आपली पाळी आधी असली तर आणखी कडक राहायचं, मागे कोण काय दाबून बसलंय कळत नाही ना — आणि चिप्स संपत आल्या की मात्र देवाचं नाव घेऊन जे बरं दिसेल त्यावर सगळं लावायचं. बघ, पाठ आहे मला सगळं. मला काडीची आवड नव्हती पत्त्यांची, आजही नाही. मी कांदा चिरत बसायचे आणि हा समोर येऊन माझ्या ताटाशेजारी दोन पत्ते ठेवायचा — पॅट, ठेवू की टाकू? मी म्हणायचे ठेव, राणी आहे, छान दिसते. मग हसायचा, अगं, एकटी राणी काय करणार, सोबतीला चव्वी आहे तिच्या! आमची नॅटली लहान होती, तीपण ओरडायची, टाक, डॅडा, टाक! आता मेलबर्नला असते ती. फोन करते. तिला दाखवलं फोनवर तर म्हणतो, छान मुलगी आहे, कोणाची?

तर काय सांगत होते — हां. एका रविवारी मी आत किचनमध्ये मैद्याचे फुगे तळत होते, नंदू हसत आला, आंटी, अंकल आज मस्तीत आहेत, सत्ती-दुर्रीवर खेळले! त्याहून वाईट पत्ते नसतात रे, तुला माहीत आहे. सगळ्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय, फसवतोय. मी हात पुसत बाहेर आले, त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. पुढचे पत्ते आले, तेही तसलेच, तेही ठेवले. मी वाकून हळूच विचारलं, ह्युबर्ट, हे कशाला ठेवतोस? तर माझ्याकडे बघून म्हणाला — अगदी साधं, लहान मुलासारखं — दिलेत ना मला, मग टाकायचे कशाला? बाकी सगळे हसले. मी नाही हसले. मला तिथेच कळलं. डॉक्टरने नंतर फोटो काढले, डोक्याचे, कागदावर घड्याळ काढायला लावलं, सगळं केलं, पण मला त्या खुर्चीमागेच कळलं होतं.

डॉक्टर म्हणाली, जे आवडतं ते करू द्या, माणसांत न्या. म्हणून आणते. दर रविवारी पांढरा शर्ट इस्त्री करते आणि आणते, आणि बाजूला बसते, नाहीतर पहिल्याच डावात सगळं लोटून मोकळा होतो. हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही. जिंकला तर जिंकला, ते बक्षीस म्हणजे काय, वाइनची बाटली आणि केक, त्यावर कोण भांडतंय? तू नवा, तुला कोणी सांगितलं नाही. नंदूने सांगायला हवं होतं. तोपण काय सांगणार — सगळ्यांसमोर, ह्युबर्टच्या समोर?

नाही, सॉरी म्हणू नको. अरे नको म्हणते ना. तुझी चूक नाही. आणि मी बाजूला बसायचे ती काय त्याला जिंकवायला थोडीच बसायचे. जिंकून काय — तो केक शेवटी शेजाऱ्यांनाच जातो, साखर चालत नाही त्याला. मी आपली… घरी तो मला जवळ येऊ देत नाही रे. म्हणजे, घरी एक बाई आहे असं त्याला वाटतं. कोणीतरी कामाला ठेवलेली बाई, जी त्याचे कपडे लपवते, त्याला अंघोळीला ओढते. मी खोलीत गेले की भिंतीला लागून उभा राहतो. बशीत घास करून दिला तर हात झटकतो. परवा मला म्हणतो, हळूच, इकडेतिकडे बघून — तुम्ही जरा पेट्रिशियाला बोलवाल का? तिला म्हणावं लवकर ये, ही बाई बरी नाही. मला सांगतो! म्हटलं, ती बाजारात गेलीय, येईल एवढ्यात. बरं, म्हणाला, आणि दारापाशी खुर्ची घेऊन बसला, कितीतरी वेळ. मी मागे ओट्यापाशी उभी. वाटलं, खाली जाऊन पुन्हा वर यावं, पिशवी घेऊन, बेल वाजवून. गेलेसुद्धा. पिशवी घेतली, कोथिंबीर घेतली, बेल वाजवली. दार उघडलं त्याने. बघत राहिला. म्हणाला, पेट्रिशिया नाहीये घरी, नंतर या.

जाऊ दे. तू कुठे आणि मी हे काय घेऊन बसले. पण इथे, टेबलावर, तो बाजूला बघतच नाही. नजर पत्त्यांवर. आणि कोपराला बोट लागलं की तोंड न वळवता म्हणतो — हां, पॅट. बस, एवढंच. हां, पॅट. बघितलं की विसरतो, नुसता हात लागला की ओळखतो, आता याला काय म्हणायचं ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. त्या मधल्या ब्रेकला मी पाणीसुद्धा प्यायला उठत नाही, कारण उठून परत आले आणि त्याने वर बघितलं तर? आठवडाभर तेवढंच असतं बघ माझ्याजवळ. कोपर. असो. नियम आहे तो आहे, नंदू आता पुढच्या वेळी काही बसू देणार नाही, एकाला सूट दिली की दुसरा मागणार.

थांब — टाळ्या वाजताहेत. कोण गेलं बाहेर? तू उंच आहेस, बघ त्या जाळीतून. पांढरा शर्ट? … हं. एकटा किती टिकणार होता. काय घेऊन गेला ते विचारू नको कोणाला, काहीतरी तिर्री-पंजी असेल. बघ, उठून सगळ्यांशी हात मिळवतोय, ती सवय नाही सुटली. प्रत्येकाशी मिळवणार. आता दारात येईल आणि मला बघेल, आणि — नाही, मी नाही जात पुढे. रस्त्यात ओरडतो कधीकधी. दर वेळी नंदूच हात धरून आणतो, तोच सोडतो घरापर्यंत, पण त्याचा डाव चालू आहे अजून, त्याला कसं उठवू?

तू जाशील? लांब नाही रे, ह्याच गल्लीने सरळ, क्रुसापाशी डावीकडे, निळं दार. बाइक राहू दे इथेच. तुझ्यावर राग नाही त्याचा, त्याला आठवणारही नाही तू कोण ते. हात धर, डावा धर, उजवा खांदा दुखतो त्याचा. आणि कोण रे तू म्हणून विचारलं तर सांग, पेट्रिशियाने पाठवलंय. मग मुकाट येईल. मी येते मागून, जरा लांबून. मागे वळून बघू नको हं — तू बघितलंस की तोही बघेल. आला बघ. जा.