जिन्याखालच्या मांजरीची पिल्लं

तर आपल्या गल्लीतली शिलाईवाली कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती, आणि समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा. आजोबांना ऐकू कमी, त्यामुळे आजींचं प्रत्येक वाक्य अख्ख्या खोलीला फुकट.

"अहो, या कान तपासणाऱ्या बाई शिकलेल्या आहेत. भिंतीवर पदवी बघा, खाली नोंदणीचा नंबर. मी फोन करून खात्री केलीये."

"म्हणजे नुसतं कानाचं मशीन गळ्यात मारणारी नाही?"

"नाही हो. आणि तपासणी विम्यात बसते."

"आणि मशीन?"

"ते नाही बसत."

"मग ऊठ. माझं काही अडत नाही. तू कामाचं सांगतेस ते येतं की ऐकू."

"कारण तेवढंच ओरडून सांगते. बाकीचं गिळून टाकते, वर्ष झालं."

"बाकीचं म्हणजे काय?"

"काही नाही. जिन्याखालच्या मांजरीला पिल्लं झाली, असलं."

"किती?"

"चार. आता मोठी होऊन गेलीसुद्धा."

आजोबा उठून काउंटरच्या खिडकीपाशी गेले.

"ताई, तपासणीचा फॉर्म द्या. आणि मशीन किती दिवसांत मिळतं?"