आधी तू पी

अरे, आमच्या कॅम्पिंगचं ऐका. पोरं लहान होती तेव्हा आम्ही इथल्या नोव्हाय गावची मराठी मंडळी दर उन्हाळ्यात जायचो. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि तंबू बेसमेंटमध्ये गेले. परवा इतक्या वर्षांनी तिघं गेलो, मी, शरद आणि बापट.

सकाळी गारठ्यात मी उठून आलं घालून चहा केला. बापट कपाकडे बघतच बसला.

"तू आपणहून चहा केलास? काय घातलंयस?"

"आलं."

"मागच्या वेळी पण आलंच म्हणालास, मीठ निघालं!"

"आधी तू पी," शरद म्हणाला.

मी माझा कप संपवला.

"तुझ्यात कशाला घालशील? माझ्यातला पी." शरदनं त्याचा कप पुढे केला.

मी घोट घेतला.

"घोटभर नको. मीठ तळाशी असतं यार!"

तोही कप संपवला.

"हसतोय बघ," बापट म्हणाला. "म्हणजे माझ्याच कपात आहे."

मग त्याचाही संपवला. आता पातेलं रिकामं, दूधही संपलेलं.

"खरंच काही नव्हतं रे?" बापटानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"शप्पथ. साखर तेवढी होती."

घरी बायको मला बिनसाखरेचा अर्धा कप देते हो!