शिलाई मशीन अन् माझे पाय

माहेर माझं बदनापूरचं. लग्न होऊन जालन्यात आले, अन् नवऱ्याच्या अगोदर वळख झाली ती शिलाई मशीनीची, हसू नका, खरं सांगून राह्यले. सासूची मशीन, पायानं चालवायची. सासू म्हणायची, चप्पल काढून बस, लक्ष्मी हाय ती. मंग सारी उमर अनवाणी पायानंच हाणली मी मशीन. मालक वारले तवाबी तिच्याच जिवावर घर चाललं, पोरगा शिकला, पुण्यात नौकरीला लागला.

अन् मंग माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणला, मावशी, पायानं मशीन मारणं बंद. पोरगा म्हणला, बास झालं आई, इकडं ये, आराम कर. आराम! त्याचं नाव काढलं की माझं डोकंच फिरतं. मशीन सुटली तर मी नुसती कुणाची आई, कुणाची सासू, दुसरं काय उरतं हो माझं?

मंग हट्टानं मोटार बसवली. पोरानं बजावलं, करंट हाय, चप्पल घालूनच बस. बसले. मोटारीच्या पायडलवर जरा पाय ठिवला की मशीन सुसाट! ब्लाऊजची बाही गळ्यालाच शिवली, सुई बोटात घुसली. रडले हो मी, म्हणलं संपलं आपलं.

त्याच टायमाला शेजारणीची भाची आल्ती, रेवती. माणसाचं यंत्राशी कसं जमतं, अंगाला त्यातलं काय कळतं, ह्याचा कालेजात अभ्यास करून राह्यली म्हणे. मला म्हणली, मावशी, मोटार हळू चालू ठिवा, डोळे मिटा अन् सांगा, मशीन अंगाला कुठं कुठं कळती? म्हणलं, बाई, तुला दुसरा कामधंदा न्हाई का? पण मिटले. बोटाला कळत होती, मनगटाला कळत होती, पार खांद्यापर्यंत थरथर. अन् चपलीतल्या पायाला? कायबी न्हाई! अगं बया, म्हणलं, कापड जड लागलं की पहिलं तळव्याला कळायचं, मंग हाताला. इतकी वर्षं शिवलं, पण हे माझं मलाच ठाऊक न्हवतं.

मंग अनवाणी पाय ठिवायला तिनं लाकडाची फळी केली, तर ती अरुंद. म्हणलं, दुसरा पाय काय खुंटीला टांगू? लई हसली. मंग सुताराकून रुंद करून आणली, मोटारीचं पायडल तिच्याखाली झाकलं, वायरमनला बोलवून करंट लागत न्हाई ह्याची बराबर खात्री केली. चप्पल काढून दोन्ही पाय ठिवले. चवडा दाबला की चालती, टाच दाबली की थांबती, गुडघ्याला बिलकुल तरास न्हाई. बाही सरळ आली तवा त्या पोरीच्या गळ्यातच पडले, काय सांगू तुम्हाला.

आता कंबर आखडली की उठते, अंगणात चक्कर मारते, मंग पुन्हा बसते. पहिलं अंगाला कधी इचारलंच न्हवतं. रेवती जिथं आसंल तिथं सुखी राहो. परवा पोराचा फोन आल्ता, आई, आता तरी ये. म्हणलं, बाबा, शाळा उघडून राह्यल्या, पोरींचे ड्रेस पडलेत शिवायचे. तूच ये इकडं, माप दे, तुला सदरा शिवते.