दारापासून चौथी पायरी

—नाही, नाही, आधी हात मागं घ्या. त्या वायरीला हात लावायचा नाही. बसा. गळ्याची शपथ घेऊन सांगतो साहेब, यातला शब्द न् शब्द खरा आहे — माझी मुलगी एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला या घराच्या दारापर्यंत आली आणि परत गेली. हसू नका. तेव्हा तिचा जन्म झालेला नव्हता, हे कळतं मला. माझाही झालेला नव्हता. तरी आली होती. पुरावा आहे, दाखवतो. मी आयुष्यात थाप मारलेली नाही — म्हणजे गिऱ्हाइकाला मारतो, 'परवा या, तयार असेल' म्हणून, ती धंद्यातली, ती धरायची नाही. लग्न ठरताना एक मारली होती, वयाची. आणि मघाशी दारात तुम्हाला म्हटलं, की हा नेटचा डबा कंपनीनं बसवला तसाच आहे, कुणी बोटही लावलेलं नाही — ती तिसरी. बस, तीनच.

कसं ओळखलंत? सील. हो, सील मीच तोडलं. त्यात एवढ्या भुवया वर करण्यासारखं काय आहे? मी घड्याळजी आहे, चाळीस वर्षं — बरं, एकतीस — याच टेबलावर बसून लोकांची घड्याळं उघडतोय, तुमच्या डब्याचे चार स्क्रू मला काय जड? उघडायचीही गरज नव्हती, खरं तर. तुमच्या कंपनीनं आत जो प्रोग्राम भरून दिला होता तो काढला आणि दुसरा घातला — कुठले कुठले लोक बसून लिहितात, फुकट वाटतात. फर्मवेअर. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पण तुम्ही तोंड असं केलंत की जसं मी डब्याचं काळीज बदललं. बदललंच. पहिल्या खेपेला मेला. एक लाल दिवा, बाकी काही नाही, पंख्यापुढे ठेवा, थोपटा, शिव्या द्या, ढिम्म. मग वाचलं कुठं तरी — मागच्या भोकातलं बटण दाबून धरायचं, दाबलेलं असतानाच वीज द्यायची, तीस मोजायचे, वीज काढायची, पुन्हा तीस, पुन्हा वीज, पुन्हा तीस. आता तीस सेकंद घड्याळाशिवाय अचूक मोजणारा माणूस या गल्लीत एकच आहे. सतरा वेळा केलं. बरं, पाच वेळा. पाचव्या वेळी दिवा मिचकावला, आणि मी असा ओरडलो की ही आतून धावत आली, तिला वाटलं हाताला शॉक बसला.

का केलं म्हणजे? वरच्या मजल्यावरचे गुरुजी माझं नेट फुकट वापरत होते, त्यांना बाहेर काढायला. हे मी सगळ्यांना सांगतो. गुरुजींकडे साधा बटणाचा फोन आहे, बिचारे फार तर वेळ विचारायला येतात. ते सोडा. तुम्ही त्या काचेच्या पाटीवर काय चाळताय? तक्रारी? चौदा. हो, चौदाही माझ्याच आणि चौदाही एकाच सकाळबद्दलच्या. सकाळी दहा ते साडेअकरा या घरातली लाइन बंद होती. मला भरपाई नको, सूट नको, नवा डबा तर नकोच नको. मला तुमच्या कंपनीच्या कागदावर एक ओळ हवी — त्या सकाळी लाइन बंद होती. खाली सही. एवढं करा आणि जा, आठ महिन्यांचा विषय दोन मिनिटांत संपेल.

कुणाला दाखवायची? आमच्या टिकटिकला. मुलीला हो. बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून टिकटिक. त्या सकाळी दहाला तिची मुलाखत होती, लॅपटॉपवर, नोकरीची. चार महिने तयारी केली होती पोरीनं. पांढरा शर्ट, खाली घरातला पायजमा, पडद्यावर दिसतं तेवढंच इस्त्री केलेलं. दहाला पाच कमी, आणि नेट नाही. तिच्या फोनला घरात रेंज येत नाही, गच्चीवर जावं लागतं. गेली धावत, लॅपटॉप छातीशी धरून, तशीच पायजम्यात, चार मजले. जोडलं गेलं तेव्हा दहा पंचवीस झाले होते. पलीकडची बाई म्हणाली, तुमची वेळ झाली, आम्ही पुढचा उमेदवार घेतलाय. खाली आली, लॅपटॉप ठेवला, आणि मला एकच विचारलं — बाबा, लाइन खरंच गेली होती? मी म्हटलं, गेली म्हणजे काय, गेलीच! सोडतो का मी त्यांना, लेखी घेतो कंपनीकडून! तर म्हणाली, ठीक आहे, लेखी आणा, मग बोलू. पंधरा दिवसांत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आठ महिने झाले. टिकटिक बंद. ही दर गुरुवारी तिच्याकडे जाते आणि मला सांगते, बहिणीकडे जाते. मी म्हणतो, बहिणीला माझा नमस्कार सांग. आजही गेलीय. जाताना म्हणाली, कंपनीला चौदा पत्रं लिहिलीत, तिला एक लिहिलं असतंत तर? बायकांना कागदपत्रांचं महत्त्व कळत नाही.

डबा बदलून द्याल, नाव तेच ठेवाल, पासवर्ड तोच ठेवाल, कबूल — पण तुमचा नवा डबा वही लिहितो का? नाही ना? माझा लिहितो. कुठला फोन कधी जोडला गेला, किती वेळ, किती जोरात, सगळं त्या मागच्या पेनड्राइव्हवर उतरवतो. म्हणून म्हणतो, हात लावायचा नाही. हे बघा, इकडं या, पडद्यावर बघा. ही ओळ बारा तारखेची. ही खालची तेरा तारखेची. आणि मधे? वाचा, मोठ्यानं वाचा. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. आणि पुढं कुणाचा फोन? तिचा. आता बसली ना खात्री? तुम्हाला कारण माहीत आहे, तुम्ही गालात हसताय. बारा तारखेला दुपारी वीज गेली होती. या डब्यात घड्याळाचा सेल नाही, वीज गेली की याची वेळ शून्यावर, आणि याचं शून्य म्हणजे सत्तर साल. वीज आली की उठतो, आणि लाइन सुरू होऊन बाहेर कुणाला तरी वेळ विचारेपर्यंत बावळटासारखा सत्तर सालात बसून राहतो. दोन रुपड्यांच्या मनगटी घड्याळात सेल असतो हो, आणि यात नाही! असो. त्या बावळटपणाच्या वेळात तिचा फोन जोडला गेला. चाळीस सेकंद. मग तुटला.

आणि हा आकडा बघा, एकसष्ट. हा जोर. डब्यापासून लांब गेलं की आकडा वाढतो. मी काय केलं, माझा फोन हातात घेतला आणि जिना उतरलो, एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबून आकडा बघायचा आणि खडूनं लिहायचा. येताना दिसले असतील. खालच्या वकीलबाई म्हणाल्या, जिन्याला मार्क देताय का? म्हटलं, हो, तुमची पायरी नापास आहे. एकसष्ट कुठं आला सांगू? दारापासून चौथ्या पायरीवर. पुन्हा पुन्हा मोजला. तिसरीवर अठ्ठावन्न, पाचवीवर चौसष्ट, एकसष्ट चौथीच.

आता नीट ऐका, मी घड्याळजी आहे, मिनिटांचा हिशेब माझ्याकडून शिका. डबा उठायला दीड मिनिट घेतो. म्हणजे वीज आली, जिन्यातला दिवा लागला, आणि त्यानंतरही दीड मिनिट आणि वर चाळीस सेकंद ती त्या पायरीवर उभी होती. का उभी होती? त्याआधी वर येऊन बेल दाबली असेल? वीज नव्हती, बेल वाजणार कशी! दार वाजवता येतं, पण ती वाजवणार नाही, दोनदा हाक मारणाऱ्यातली नाही ती, माझ्यावर गेलीय. आणि मी कुठं होतो? इथं. याच खुर्चीत, डोळ्याला भिंग लावून, खिडकीच्या उजेडात एका बाईंच्या घड्याळाचा काटा बसवत. दारापासून सहा पावलं. ही घरात नव्हती. त्याच संध्याकाळी बेल बदलली, सेलवरची बसवली. तुम्ही दाबलीत ना मघाशी, कशी ठणठणीत वाजली! आणि फोनला एखादं नेट विसरायला सांगता येतं, एक बटण असतं त्याला. तिनं ते दाबलेलं नाही आठ महिन्यांत. हे मी म्हणत नाही, डबा म्हणतो. म्हणून मला तो कागद हवा, आत्ता, आज. ती चौथ्या पायरीपर्यंत आलेली आहे, आता राहिल्यात चार, आणि त्या तुमच्या सहीवर अडल्यात.

काय? परत बघा. नाही, पाटी माझ्याकडं वळवू नका, मला चष्म्याशिवाय... बरं, दाखवा. ही हिरवी रेघ म्हणजे त्या सकाळची आमची लाइन? सलग. हो, दिसतंय, सलग आहे. दहा वाजता पण. दहा सातला तर उंच गेलीय. म्हणजे त्या वेळी या घरात कुणीतरी नेट वापरत होतं, असं म्हणायचंय तुम्हाला. तुमच्या रेघेला काय कळतं हो? एवढी खात्री आहे तर सांगा ना, कोण वापरत होतं?

मी.

माझा फोन. खिशात होता. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता, आपोआप उतरत होता. आता तुम्ही विचारायच्या आत सांगतो, उगाच पोलिसासारखं बघू नका. आदल्या रात्री पोरगी जागत बसणार होती, नेहमीची सवय, एक-एक वाजेपर्यंत तेच तेच वाचायचं, डोळे लाल. म्हटलं, मुलाखतीच्या आदल्या रात्री तरी झोपू दे. म्हणून तो नवा प्रोग्राम भरला आणि त्यात नियम घातला. फक्त तिच्या फोनला आणि तिच्या लॅपटॉपला — रात्री दहाला नेट बंद, सकाळी सहाला चालू. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर भांडली असती. दहा वाजले, नेट बंद झालं नाही. मला वाटलं, नियम लागलाच नाही, झोपलो जाऊन. नियम लागला होता हो. डब्याचं घड्याळ लावायचं राहिलं होतं. नवा प्रोग्राम घातला की कुठल्या मुलुखाची वेळ धरायची ते सांगावं लागतं, ती एक ओळ मी भरलीच नाही. डबा साडेपाच तास मागं. त्याचे रात्रीचे दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. त्याचे सकाळचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. समजलं? एकतीस वर्षं लोकांची घड्याळं मिळवून देणारा माणूस, भिंतीवर बघा, बावीस घड्याळं, एकाचा काटा इकडचा तिकडं नाही — आणि स्वतःच्या घरातलं तेविसावं लावायला विसरला. कुणाला सांगणार? गुरुजींना?

लगेच कळलं मला. तिचं बंद आणि माझा फोन खिशात थरथरतोय, न कळायला मी काय दूधखुळा आहे? दोन मिनिटांचं काम होतं. पान उघडायचं, नियम पुसायचा. पण ती बाजूला उभी, पडद्यावर तिचं नाव दिसलं असतं, 'टिकटिक — बंद'. तेही सोडा, माझा फोन तिच्या हातात दिला असता तरी मुलाखत झाली असती. मी काय केलं? खिडकीत गेलो, तिथं बोलण्यापुरती कशीबशी रेंज येते, फोन कानाला लावला आणि ओरडायला लागलो. अहो, लाइन कशी काय गेली तुमची! मुलाखत आहे पोरीची! तुमच्या साहेबांना द्या! पलीकडं कुणी नव्हतं. नंबर लावलाच नव्हता. ती गच्चीवर धावत गेली तरी मी बोलतच होतो, वीस मिनिटं, समोरून उत्तर येतंय असं थांबून थांबून. पहिली तक्रार ती. बाकीच्या तेरा, चौदा, काय असतील त्या, तुमच्या पाटीवर आहेत.

नाही, पाणी नको. बसा, झालं आता. तर सत्तर साल खरं आहे. पायरी खरी आहे. एकसष्ट खरा आहे, जाताना फोन काढून बघा, नाही आला तर डबा घेऊन जा. लाइन गेली, तेवढंच मी रचलं.

तक्रार बंद करताय? थांबा, तसं नाही बंद करायचं. 'तपासले, दोष आढळला नाही' असलं गुळमुळीत लिहायचं नाही. लिहा, लाइन चालू होती. पुढं लिहा, ग्राहकाची चूक. तसं लिहायची जागा नाही? मग शेरा लिहितात तिथं लिहा. ग्राहकानं घड्याळ लावलं नाही आणि खोटं बोलला. हो, 'खोटं बोलला' सुद्धा, का, तुमच्या कंपनीला लाज वाटते? मला नाही वाटत. सही करा. शिक्का आहे? मारा. लेखी आणा म्हणाली होती ना, नेतो लेखी. हिच्या हातून नाही पाठवत, मी नेतो, आजच, ही तिथं आहे तोवर, म्हणजे दार तरी उघडतील.

आणि खाली वेळ घाला. पाटीवरची नको, भिंतीवर बघून घाला. कुठल्याही घड्याळात बघा, सगळी बरोबर आहेत.

झालं? द्या इकडं. उठा आता, मला कुलूप लावायचंय. आणि उतरताना खडूवर पाय देऊ नका.