परतीची नळी

दादा : हात लावू नकोस अजून. आधी पेट्रोलची वाट म्हण.

छोट्या : दादा, चार वाजता गाडी न्यायला भंगारवाल्याचा ट्रक येणार. दोन कधीच वाजून गेले. आता वाट कसली म्हणतोस?

दादा : बाबांच्या शेडमध्ये वाट म्हटल्याशिवाय कुणी नट सोडवलेला नाही. आज शेवटच्या दिवशी तू नवा पायंडा पाडू नकोस.

छोट्या : टाकी.

दादा : टाकीतून?

छोट्या : पंप. पंपातून फिल्टर. फिल्टरमधून रेल, रेलमधून चार इंजेक्टर. त्यांनी पिऊन जे उरलं ते रेग्युलेटरमध्ये. तिथून परतीच्या नळीनं पुन्हा टाकीत.

दादा : आणि रेग्युलेटर काय करतो?

छोट्या : दारवान आहे तो. आत दाब वाढला की दार किलकिलं करतो, जादा पेट्रोल घरी पाठवतो. झालं समाधान?

दादा : बाबा चालीवर म्हणायला लावायचे. तू यादी वाचल्यासारखं म्हणालास.

छोट्या : तीन वर्षं या दारात कुणी उभं केलं नाही मला. चाल कुठून राहणार?

दादा : बरं, बरं. जुना रेग्युलेटर सोडव. नव्याबरोबर परतीच्या नळीचा कोपरा, तो वाकडा जोड, आलेला नाही, जुन्याचाच काढून लावावा लागेल.

छोट्या : हा पितळी? काळा ठिक्कर पडलाय. बॅटरी धर जरा इकडे.

दादा : थांब, मनगटात अडकवून धरतो. बोटांच्या भरवशावर राहू नकोस.

छोट्या : अजून मिटत नाहीत?

दादा : डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. करतो. सकाळी देवापुढे हात जोडायला जातो, तर दोन पंजे समोरासमोर उभे, मध्ये चेंडू मावेल एवढी फट. देव म्हणत असेल, हा काही मागतोय की माप दाखवतोय?

छोट्या : दादा…

दादा : हस की. मी हसतो रोज.

वहिनी : चहा आणलाय. भावोजी, हात पुसा आधी, त्या पेट्रोलच्या हातांनी कप धरू नका. आणि यांचं ऐकून घेऊ नका हो सगळं. बसल्या जागी मुकादमी करायला फार आवडतं यांना.

दादा : बसल्या जागी नाही तर काय नाचत करू?

वहिनी : बघा. गाडीसाठी चौथ्यांदा फोन आला त्या माणसाचा. म्हणाला, वहिनी, चालू असेल तर माझी, मी मुलासारखी सांभाळीन. बंद असेल तर मात्र नको. काय सांगू?

दादा : सांग, लावतोय छोट्या.

वहिनी : सांगते. भावोजी, एक बोलू? या वेळी ती नळीवरची क्लिप नीट आवळा हं. टोमणा नाही मारत, देवाशपथ. धडकी भरते म्हणून बोलते.

छोट्या : आवळतो, वहिनी. मागच्या वेळीही आवळली होती.

वहिनी : राहू द्या आता ते. बाबा मात्र शेवटपर्यंत तेच धरून बसले. किती विनवलं मी, पोराला एकदा उंबऱ्याच्या आत घ्या. तर म्हणाले, ज्यानं थोरल्याचे हात खाल्ले त्याचं तोंड दाखवू नका मला. आणि दहाव्या दिवशी गेलेच. तुम्हाला सांगणार नव्हते, पण…

छोट्या : मी फाटकापाशी होतो तेव्हा. ऐकू आलं होतं.

वहिनी : अगंबाई. … प्या, गार होईल. मी आतली खोली आवरते. उद्या जागा सोडून किल्ली द्यायची म्हणजे आजच सगळं बांधायला हवं.

दादा : चहा पी.

छोट्या : बाबांना तू काय सांगितलं होतंस?

दादा : कशाबद्दल?

छोट्या : आगीबद्दल. नळी क्लिपमधून सुटली, तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल उडालं, तू हातांनी दाबायला गेलास. इथवर मलाही माहीत आहे. क्लिप ढिली होती हे कोण म्हणालं?

दादा : सगळेच म्हणाले. नळी सुटलेली दिसत होती, क्लिप तू लावलेली. मी दवाखान्यात होतो.

छोट्या : तू म्हणालास का?

दादा : मी काही म्हणालो नाही. ट्रक येईल रे. तो कोपरा काढ.

छोट्या : जाम बसलाय. … निघाला.

दादा : काय झालं? थांबलास का?

छोट्या : काही नाही. आट्यांत घाण आहे.

दादा : ब्रश मार.

छोट्या : मारतो. परतीच्या भोकातही काहीतरी अडकलंय. बोळा झालाय त्याचा.

दादा : कशाचा?

छोट्या : कचरा आहे.

दादा : बरं.

छोट्या : बाहेरून सगळं कोळसा झालं आणि आतला हा बोळा तसाच. गंमत आहे.

दादा : रेग्युलेटर लावून घे.

छोट्या : या कोपऱ्याला रबरी रिंग असते, दादा. गळती तीच थांबवते. आट्यांवर दुसरं काही लागत नाही.

दादा : माहीत आहे.

छोट्या : आता माहीत आहे. तू जन्मभर लोकांच्या न्हाणीघरातले नळ जोडलेस. नळाला जे लागतं ते इथं चालत नाही.

दादा : सांगितलं ना, माहीत आहे. रिंगेला तेलाचं बोट लाव, कोरडी बसवलीस तर चिरेल. रेलची नळी बाजूच्या तोंडाला, परतीची नळी खालच्या तोंडाला. उलटं केलंस तर…

छोट्या : तर दारवान आतल्यालाच कोंडेल. बाबांचं वाक्य. … बसला. ये, क्लिप तुझ्या डोळ्यांनी बघ. दोन्ही क्लिपा बघ.

दादा : मला नाही बघायच्या.

छोट्या : बघ म्हणतोय ना!

दादा : नीट आहेत. तुझी क्लिप नेहमी नीटच असते.

छोट्या : हे तू आज म्हणतोस.

दादा : चावी फिरव. इंजिन नको, नुसता पंप ऐकू दे.

छोट्या : ऐक. … दाबाचा काटा चढतोय. साडेतीन बारवर थांबला. गळत कुठेच नाही, खाली पुठ्ठा कोरडा आहे.

दादा : आता सुरू कर. बारीक व्हॅक्यूमची नळी काढून बोटानं तोंड बंद कर, आणि मग रेग्युलेटरचा स्क्रू फिरव. आत घेतला की दाब वाढेल, बाहेर घेतला की उतरेल. आपल्याला तीन हवा.

छोट्या : देवाचं नाव घे.

दादा : तू घे. माझं घेऊन झालंय.

(इंजिन दोनदा खोकतं आणि सुरू होतं.)

छोट्या : दादा! ऐकतोस ना? चारही सिलिंडर चालले!

दादा : ऐकतोय. बाबांनी ऐकायला हवं होतं रे. स्क्रू, स्क्रूकडे बघ.

छोट्या : साडेतीन… सव्वातीन… तीन. खिळल्यासारखा उभा आहे काटा. नट आवळतो. नळी परत लावली. अडीचवर आला, बरोबर आहे ना?

दादा : अगदी बरोबर. जरा रेस कर. हळू.

छोट्या : पावणेतीन… तीन… का उतरतोय? दोन. दादा, दीड.

दादा : सोड, सोड. बंद पडेल.

छोट्या : पडली.

दादा : पंप ऐक चावी फिरवून.

छोट्या : काहीच आवाज नाही. नुसतं एक कट् झालं.

दादा : गेला. तीन वर्षं शिळ्या पेट्रोलमध्ये बसला होता. टाकी धुतली, पंप तोच ठेवला. तो तरी किती करेल.

छोट्या : फोन करतो कुणाला तरी. पंप मिळेल.

दादा : टाकी खाली उतरवायची, पंप आणायचा, बसवायचा. साडेतीन वाजलेत. असू दे, छोट्या.

छोट्या : असू दे कसं? बाबांनी पत्रा ठोकून ठोकून हिचं नाक बनवलं. आपण दोघांनी इंजिन चढवलं. आणि हा ट्रकवाला साखळी लावून…

दादा : असू दे म्हणालो ना. … तो बोळा पांढरा होता का?

छोट्या : काय?

दादा : परतीच्या भोकातला. पांढरा होता?

छोट्या : मी पांढरा म्हणालो नव्हतो.

दादा : नाही. तू कचरा म्हणालास.

छोट्या : नळाची टेप होती. कोपऱ्याच्या आट्यांवर अजून दीड वेढा शिल्लक आहे. एक तुकडा सुटून आत गेला, परतीचं दार बुजलं. दाबाला जायला जागा राहिली नाही, तेव्हा त्यानं आवळलेली नळी ढकलून काढली.

दादा : तीन वेढे दिले होते मी. हात आपोआप करतो रे. जोड दिसला की टेप.

छोट्या : तुला कधी कळलं?

दादा : तिसऱ्या दिवशी. हात पट्ट्यांत बांधलेले, दुसरा उद्योग नाही, म्हणून मनातल्या मनात वाट म्हणत पडलो होतो. टाकी, पंप, फिल्टर, रेल… कोपऱ्याशी आलो आणि थांबलो.

छोट्या : बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले.

दादा : हो.

छोट्या : दोन वर्षं, दादा. मी सणासारखे कपडे घालून त्या फाटकापाशी यायचो. वाटायचं, आज हाक मारतील.

दादा : खिडकीतून दिसायचास. रोज ठरवायचो, जेवताना सांगू. ते मला घास भरवायचे स्वतःच्या हातानं. भरवता भरवता तुला बोलायचे. तोंडात घास असायचा माझ्या.

छोट्या : घास गिळल्यावर सांगायचं.

दादा : गिळल्यावर ते दुसरा पुढे करायचे.

छोट्या : मग आज मला कशाला बोलावलंस?

दादा : तो कोपरा दुसऱ्या कुणी काढायला नको होता. तुला सापडावं असं वाटलं. माझ्या तोंडून निघत नाही, निदान पितळेतून निघेल.

छोट्या : वहिनीला?

दादा : नाही माहीत.

छोट्या : आज सांगशील?

दादा : सांगतो. आली की सांगतो.

वहिनी : अहो, आवाज आला आणि बंद कसा झाला? मी तिकडे हात जोडून उभी होते. ट्रक वळणावर आलाय. सुरू होत नाही का परत?

दादा : नाही.

वहिनी : अरे देवा. काय झालं? या वेळीही काही ढिलं राहिलं का?

छोट्या : दादा. वहिनी विचारतेय.

दादा : … फाटक उघडायला हवं. साखळी मोठी असते त्यांची.

वहिनी : अहो, मी काय विचारतेय?

छोट्या : हो, वहिनी. ढिलं राहिलं. माझ्याच हातून.

वहिनी : असू द्या, भावोजी. असं तोंड पाडू नका. मागचंही मनात ठेवू नका आता. यांनी तुम्हाला केव्हाच माफ केलंय.