रसायनाचा तास अप्पाचाच

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. लिंबाखाली बायका बसल्यात, त्यांनी जरा सरकून म्हाताऱ्यांना सावली द्या. शाळेचं हे आवार मी रोज बघतो, पण असं भरलेलं कधी बघितलं नव्हतं. आडती बंद ठेवून व्यापारी आलेत. वाशीहून आलेत, ढोकीहून बैलगाड्या करून आलेत. हेडमास्तरसाहेब म्हणाले, "नारायणराव, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने सोबती, तुम्हीच बोला." म्हणून उठलो.

आणि खरं सांगू? एवढी माणसं बघून माझ्या मनात पहिला विचार काय आला? माझ्या वेळी एवढी येतील का?

हसा, हसा. तोही हसला असता.

आपले शिवलिंगअप्पा, पोरांचे अप्पा मास्तर, परवा लिंगैक्य झाले. ताप आला, उतरला, पुन्हा चढला, आणि माणूस गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. पण मी गोड बोललो तर तो म्हणेल, "नाऱ्या, सोंगं कशाला आणतोस?" अव्वा, तुमच्या लेकाबद्दल तुमच्यासमोर बोलतोय, रागावू नका. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, वाटतो. आत्ता, या घटकेलाही वाटतो.

आम्ही दोघं एकाच वर्षी हैदराबादला शिकायला गेलो. एका खोलीत राहिलो, एका तव्यावरची भाकरी खाल्ली. तेव्हा निजामाचं राज्य, सगळं शिक्षण उर्दूतून. अणूला जौहर म्हणायचं आणि रेणूला सालिमा, हे आम्ही एकाच बाकावर बसून पाठ केलं. इम्तिहानात रसायनात मी त्याच्या पुढं होतो. हे मी माझ्या पदरचं सांगत न्हाय, अव्वांना विचारा. तोच घरी सांगायचा, "नाऱ्या माझ्याहून हुशार." परत आलो, दोघंही याच शाळेत लागलो, आणि त्या वेळच्या हेडमास्तरांनी रसायन दिलं त्याला. मला भौतिक. का? तर म्हणे अप्पाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. आवाज! बापाच्या आडतीवर मापं मोजताना ओरडून कमावलेला आवाज हो तो! ती का विद्या झाली?

तेव्हापासून मी रसायनाचा तास मागतोय. दर वर्षी शाळा उघडली की मागायचा, आणि दर वर्षी हेडमास्तर बदलले तरी उत्तर तेच. "पोरं अप्पांना सोडायची नाहीत, नारायणराव."

पोरं का सोडतील? आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पायलीनं ज्वारी मोजली की काठाच्या वर रास चढून शीग पाहिजे. शीग भरली तरी वरून एक मूठ टाकायची. न टाकणारा चिकट्या. आता या पोरांनी काय करावं? प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूत मीठ तोलायचं आणि तोलून झालं की सवयीनं वरून एक चिमूट टाकायची! सगळे प्रयोग चुकायचे. मी असतो तर कान पिळले असते. अप्पानं आडतीवरून पायली आणली. पायलीत ज्वारी भरली, काचेच्या मापनळीत पाणी भरलं, आणि दोन्ही शेजारी ठेवली. म्हणाला, "बघा रे. ज्वारी मधी वर येते, पाणी मधी खाली बसतं. तिची शीग, ह्याची खळी. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणा आन् खळीचा तळ वाचा, वरून वाकून बघाल तर फसाल. उदारपणा बाजारात करा. हितं केला तर ते खोटं बोलणं झालं."

माझा विनायक त्याच वर्गात. घरी आला आणि हातातला पेला माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "नाना, नळीत पाण्याला खळी पडते, माहीताय का?" मी म्हणालो, "मला शिकवतोस व्हय रे? मी शिकून आलोय ते हैदराबादेत." तर कार्टं म्हणतं कसं, "मग तुम्ही कधी सांगितलं न्हाय ते?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझं पोर हो! माझ्या ताटात जेवतंय आणि गोष्टी अप्पाच्या सांगतंय.

मूलद्रव्यांच्या तक्त्याचंही तेच. मी हैदराबादहून छापील तक्ता मागवला, सुबक, चौकटी कशा आखीव. यानं मांजरपाटावर काजळीच्या शाईनं स्वतः काढला, तोही एका बाजूला उतरता. पोरं कुठं बघायची? मांजरपाटाकडं! म्हणायचा, "ही बाजारपेठ आहे. एका गल्लीत एका स्वभावाची मंडळी. ही पहिली गल्ली तापट, पाण्यात टाकलं की भडकणारी. ही शेवटची बघा, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपलं घर भलं." एकदा मी चिडून विचारलं, "आणि मी रे कुठल्या गल्लीतला?" बोट ठेवायला क्षणभरही थांबला नाही. "तू फॉस्फरस. पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, न्हायतर नुसत्या वाऱ्यानं पेटतोस." मास्तरांची अख्खी खोली हसली. मीही हसलो, पण आतून जळलो. म्हणजे बोलला ते खरंच की.

आणि ते शिक्षणखात्याचे साहेब आले होते, आठवतं का? मी आठवडाभर बाटल्यांवर उर्दूत नावं लिहीत बसलो होतो, वळणदार, मोत्यासारखी. साहेबांनी तक्त्यातल्या पहिल्या घरावर छडी ठेवली. "हायड्रोजन. इसका नंबर?" अख्खा वर्ग ओरडला, "लाभ!" साहेब चमकले. "ये लाभ क्या होता?" पुढच्या घराला पोरं, "दोन!" त्याच्या पुढं, "तीन!" मंडळी, मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता सापडला शिवलिंग्या! अप्पा शांतपणे पुढं झाला. "साहेब, आमच्या आडतीवर पहिल्या मापाला एक म्हणायची रीत न्हाय. लाभ म्हणतात. मग दोन, तीन. ह्या पोरांनी आयुष्यभर मोजणी अशीच ऐकलीय. हायड्रोजनच्या अणूत धनभाराचं पहिलं माप, म्हणून तो लाभ. एकदा कळलं की विसरत न्हाईत." साहेबांनी उरलेला तक्ता पोरांकडून म्हणवून घेतला, आणि जाताना अप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या बाटल्यांकडं बघून म्हणाले, "अच्छा लिखा." बस, एवढंच.

त्या दिवशी मी ठरवलं, तास मिळाला की पहिलं काम करायचं. हे लाभबिभ बंद. शास्त्र म्हणजे शास्त्र, आडत नव्हे.

आणि मंडळी, तास मिळाला. काल हेडमास्तरसाहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "नारायणराव, रसायन आता तुमच्याकडं." जन्मभर मागितलेलं हे असं मिळालं. असं कुणी मागितलं होतं रे?

आज सकाळी वर्गावर गेलो. मांजरपाट भिंतीवर तसाच, एका बाजूला उतरता. पोरं माना खाली घालून. मी पहिल्या घरावर छडी ठेवली. "बोला, याचा क्रमांक?" कुणी बोलेना. पुन्हा विचारलं. येत होतं सगळ्यांना. विनायककडं बघितलं, म्हटलं माझं पोर तरी बोलेल. त्यानं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हणणार होतो, "एक." ओठावर आलं होतं हो. आणि माझ्याच तोंडून, त्याच्याच आडतीवरच्या चालीत, निघालं, "लाभ..."

मग विनायकचा आवाज आला. "दोन." मग शेजारचा, "तीन." मग सगळा वर्ग. पोरं रडत होती आणि मोजत होती. मी छडी सरकवत राहिलो. आवाज मागच्या बाकापर्यंत गेला का, मला माहीत नाही.

शिवलिंग्या, तास माझ्या नावावर आहे, पण आहे तुझाच. जिंकलास तू. आता मी कुणावर जळू, ते तेवढं सांगून जायचं होतंस.

उठा मंडळी. अव्वा, तुम्ही बसूनच राहा. विनायक, त्यांचा हात धर. सगळे थोडा वेळ गप्प उभे राहू, त्याच्या नावानं. किती वेळ ते मोजायला घड्याळ नको. मी मनातल्या मनात मोजतो, त्यानं शिकवलं तसं.

शरणू शरणार्थी, अप्पा मास्तर.