मान हलवून झालेली निवड

तुम्ही हसाल, पण मी एकाच वेळी जर्मन आणि जपानी शिकत होते. बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, तू नर्स हायेस, परदेशात नोकरी भेटन. कापसात तूर पेरतो तशा दोन्ही शिक. एक तरी हाती यीन."

जपानीच्या मॅडमनी शिकवलं होतं की समोरचा बोलत असताना मान हलवत राहायची, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळतं. ती सवयच लागली. मग एका जर्मन दवाखान्याची मुलाखत आली, घरूनच, फोनवर व्हिडिओ कॉलनं. तिकडची बाई भराभर बोलत होती. मला निम्मं कळेना, पण मान चालू. मध्येच तिनं माझ्या मांडीवरच्या लेकीकडे, परीकडे बोट करून काहीतरी विचारलं. पुन्हा विचारा म्हणायला गेले, तर तोंडात जपानीच आलं. ते गिळलं आणि मान हलवली. बाई खूश! शेवटचं अभिनंदन मात्र मला नीट समजलं.

नवऱ्यानं विचारलं, "परीले संगं नेता येते काय?"

"त्या बाईनं तेच इचारलं वाटते. मी हो म्हनलं."

"संगं आणता काय म्हनून, का ठेवून येता काय म्हनून?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं!"